काळा : बघू

रंगाच्या दुकानात पुढे यंत्र होतं आणि मागे थेंबबाई.

यंत्राचं काम सोपं. गिऱ्हाइकाने पुस्तकातल्या एखाद्या चौकोनावर बोट ठेवायचं, मालकांनी आकडा दाबायचा, यंत्राने डब्यात पिचकाऱ्या सोडायच्या, की झाला रंग तयार. पण ज्याची भिंत जुनी, उन्हाने उतरलेली, आणि ज्याला तोच उतरलेला रंग हवा, त्याला मालक अंगठ्याने मागची वाट दाखवायचे. मागे एक लांबट टेबल, मोठी खिडकी, बाटल्या, ड्रॉपर, आणि बावीस वर्षं एकाच स्टुलावर बसणारी एक बाई. ती भिंतीचा पोपडा हातात घ्यायची, खिडकीशी धरायची आणि काही न बोलता थेंब मोजायला लागायची.

काही न बोलता. गिऱ्हाइकाने हवापाण्याच्या गप्पा काढल्या तरी ती फक्त ‘हं’ म्हणायची. दुकानात एक पेंटर यायचा, इतका उंच की सगळे त्याला शिडीच म्हणत. बाईंच्या तोंडातून शब्दसुद्धा ड्रॉपरनेच पडतात, असं तो म्हणाला आणि तिचं थेंबबाई हे नाव पडलं. त्यावरही ती हं म्हणाली होती.

मागच्या टेबलाची रीत अशी. प्रत्येक जुळवलेल्या रंगाचं एक कार्ड करायचं. कार्डावर अंगठ्याने रंगाचा ठसा, खाली मापं. पुन्हा तोच रंग लागला तर नव्या रंगाचा बारीक ठिपका त्या जुन्या ठशावर द्यायचा आणि वाळू द्यायचा. वाळल्यावर ठिपका सापडला तर चुकलं. शोधूनही सापडला नाही तर जुळलं. ओल्या रंगावर निकाल द्यायचा नाही, तो वाळताना बदलतो.

आता हे कार्ड पाहा.

    धाकटीची बाहेरची खोली
    पिवळा : तीन मापं
    मातकट लाल : अर्धं, जरा वर
    काळा : बघू!

बावीस वर्षांच्या कार्डांत ‘बघू’ एवढ्या एकाच ठिकाणी आहे. उद्गारचिन्हही. हे कार्ड थेंबबाईच्याच अक्षरात आहे, फक्त अक्षर थोडं उजवीकडे पळतंय.

*

स्टेरॉइडची गोळी, वीस मिलिग्रॅम.
पहिल्याच आठवड्यात बोटांची सूज उतरली, मूठ वळायला लागली, सांध्यांच्या आजाराने वर्षभर न सुटलेली बाटलीची झाकणं सुटायला लागली, आणि थेंबबाई पहाटेच उठून स्वयंपाकघरातले डबे पुसायला लागली, डबे झाले की खिडक्या, खिडक्या झाल्या की जिना, जिना सगळ्या इमारतीचा होता तरी पुसला, वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकेला हाक मारून सांगितलं की तुमच्या पायपुसण्याखाली एक छोटं शेत होईल एवढी माती निघाली, दोघी हसल्या, दुकानात ती गिऱ्हाइकांना विचारायला लागली की ही भिंत कुणाच्या खोलीतली, तिथे ऊन कधी येतं, शिडीला म्हणाली की तू वाकून चालतोस ते दारांमुळे की लाजेमुळे, शिडी तीन दिवस तेच सगळ्यांना सांगत हिंडला, तिचा चेहरा गोल गरगरीत झाला आणि लोकांना वाटलं तब्येत सुधारली, आणि एका मंगळवारी, आठ वर्षं जे घर टाळलं होतं त्या घराची घंटा तिने वाजवली, धाकट्या बहिणीने दार उघडताच म्हणाली की अगं ही खोली किती काळवंडलीय, गुदमरत नाही का तुला, आणि पुढच्या रविवारी एकटीने, एका दिवसात, सगळी खोली पिवळी करून टाकली, फक्त कपाटामागची भिंत सोडून, कारण कपाट हलेना आणि तिला थांबायला वेळ नव्हता.

पंधरा.
धाकटीला रोज संध्याकाळी फोन. तास, सव्वा तास. काय बोलायची ते आता आठवत नाही. शब्द संपायचे नाहीत एवढं आठवतं.

दहा.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही गोळी पाहुणी आहे, घरची नाही. हाडं पोखरते, साखर वाढवते. दुसरं औषध आता लागू पडतंय, तेव्हा हिला हळूहळू निरोप द्यायचा. थेंबबाई म्हणाली, बॅग मी भरून देते. दोघी हसल्या.

पाच.
पहाटे जाग येते. उठावंसं वाटत नाही.

अडीच.
फोन दिवसाआड.

अडीच, दिवसाआड.
हं.

शून्य.

*

बोटं दुखत नव्हती. आजार जागच्या जागी होता, दुसऱ्या औषधाने त्याला दाबून धरलं होतं. दुखत असं काहीच नव्हतं. फक्त कुणीतरी घरात शिरून सगळ्या गोष्टींचा आवाज कमी करून गेलं होतं. आंघोळीचं पाणी गरम असायचं, पण ते दुसऱ्याच कुणासाठी गरम असल्यासारखं. जिन्यात शिक्षिका भेटली की ती थांबायची, हसायची, वाट बघायची. थेंबबाईही थांबायची. मग शिक्षिका म्हणायची, बरंय, येते. पायपुसण्याखाली पुन्हा माती साठली.

डॉक्टरीणबाईंनी हे आधीच सांगून ठेवलं होतं. इतके महिने गोळी बाहेरून मिळत होती, शरीर तसलं रसायन स्वतः बनवायला विसरलं, ते हळूहळू शिकेल. तोवर मन खाली बसेल. फार बसलं, चक्कर आली, उलट्या झाल्या तर लगेच या. पण आपल्या मनाने गोळी पुन्हा सुरू करायची नाही. थेंबबाई हं म्हणाली होती. पाकिटात नऊ गोळ्या उरल्या होत्या. त्या तिने टाकल्या नाहीत. पर्समध्ये, चाव्यांच्या कप्प्यात ठेवल्या.

धाकटीकडे जाणं थांबलं होतं, फोनही. आधी म्हणाली, दुकानात गर्दी आहे. मग म्हणाली, सर्दी आहे. तिसऱ्यांदा काय सांगावं ते सुचेना, म्हणून फोन उचलला नाही.

कारण असं होतं. त्यांची आई शेवटचं वर्षभर धाकटीच्या त्या बाहेरच्या खोलीत अंथरुणाला खिळून होती. थेंबबाई दर रविवारी जायची, खाटेजवळच्या खुर्चीत बसायची, दोन तासांनी उठायची. आई बडबडायची, धाकटी धावायची, थेंबबाई बसलेली. एका रविवारी निघताना धाकटी जिन्याच्या तोंडाशी येऊन म्हणाली, बोलता येत नसेल तर येऊ नकोस.

थेंबबाईने ते ऐकलं आणि तसंच केलं. आई गेली त्या दिवशी आली, उभी राहिली, परत गेली. त्यानंतर आठ वर्षं नाही. धाकटीने एक अट घातली होती आणि ती अट तिला पुरी करता येत नव्हती, इतका साधा हिशेब. मग गोळी आली, बोलता यायला लागलं, आणि ती गेली. आता गोळी संपली. मग कुठल्या तोंडाने जायचं? धाकटीने दार उघडलं होतं ते एका गोल चेहऱ्याच्या, बडबड्या बाईला. ती बाई आता राहिली नव्हती. तिच्या पत्त्यावर थेंबबाई राहत होती, एवढंच.

धाकटीचा निरोप आला तो असा:

ताई, कपाट पोरगी घेऊन गेली, तिच्या नव्या घरी. मागे भिंत काळी ढुस्स दिसतेय. तोच पिवळा आण ना थोडा. रविवारी ये. पोपडा खरवडून ठेवू का?

नको, असं थेंबबाईने कळवलं. कार्ड आहे माझ्याकडे.

*

सोमवारी तिने कार्ड काढलं आणि ‘काळा : बघू!’ कडे बराच वेळ पाहत राहिली.

पिवळ्यात काळा घालायचाच, दोन थेंब, हे तिचं बावीस वर्षांचं सांगणं. काळ्याशिवाय पिवळा ओरडतो. नवे पेंटर आले की ती त्यांना एवढंच एक वाक्य पूर्ण सांगायची. पण हे कार्ड त्या दुसऱ्या बाईचं होतं. जिना पुसणारी, शिडीची फिरकी घेणारी ती बाई काळा घालेल? थेंबबाईची खात्री होती की ‘बघू’ म्हणजे नाही. त्या बाईला काळा लागतच नव्हता.

    ठिपका पहिला. काळा नाही. वाळला. सापडला.
    ठिपका दुसरा. काळा नाही, पिवळा जास्त. सापडला.
    ठिपका चौथा. लाल कमी. लांबूनही सापडला.
    ठिपका सातवा. पांढरा घातला, हलकं वाटावं म्हणून. शिडी म्हणाला, बाई, हे कार्ड आहे की कांजिण्या?

मालकांनी कार्ड यंत्राच्या डोळ्याखाली धरून पाहिलं. यंत्राला तळहाताएवढी जागा लागायची, ठसा अंगठ्याएवढा. यंत्र म्हणालं, नमुना अपुरा. बहिणीकडे जाऊन एक पोपडा घेऊन या ना, मालक म्हणाले, बसचे चार थांबे तर आहेत. थेंबबाई हं म्हणाली आणि गेली नाही.

गुरुवारी तिच्या लक्षात आलं की ती काय करतेय. अकरा ठिपके झाले होते. प्रत्येक चुकलेला ठिपका मूळ ठशाचा एकेक तुकडा झाकून टाकत होता. ज्या रंगाला शोधायचं त्याच्यावरच ती चुका टाकत चालली होती, आणि आता अंगठ्याच्या एका कडेला डाळीच्या दाण्याएवढाच खरा पिवळा शिल्लक होता. म्हणजे एकच ठिपका. त्यानंतर जुळवायला काही उरणार नव्हतं.

शुक्रवारी दुपारी दुकान रिकामं होतं. मालक पुढे पेंगत होते. थेंबबाईने पर्समधून पाकीट काढलं आणि एक गोळी टेबलावर ठेवली. पांढरी, लहान, मधोमध रेघ. एवढीशी. ती घेतली तर काय होईल याचा तिने नीट विचार केला. पहाटे डबे पुसावेसे वाटतील. हा पिवळा आपोआप दिसेल. रविवारी घंटा वाजवता येईल आणि दार उघडताच काहीतरी बोलता येईल, काहीही, की अगं जिन्यातला दिवा गेलाय, की किती वाळलीस. धाकटी हसेल. आणि मग? मग आठ गोळ्या. आठ रविवार, फार तर.

तिने पाण्याचा पेला जवळ ओढला. आणि हात रिकामे ठेवायची सवय नसल्याने, पाणी प्यायच्या आधी शेवटचं मिश्रण करायला घेतलं. पिवळा तीन, लाल अर्धं, जरा वर. डोळे गोळीवर होते, हात त्यांच्या वाटेने चालले होते. काळ्याची बाटली उघडली गेली. एक. दोन. बाटली बंद झाली.

काय केलं ते तिला नंतर कळलं.

आता ते ओतून टाकायचं बळही नव्हतं. तिने काडीच्या टोकाने त्या दाण्याएवढ्या जागेत ठिपका दिला. ओला असताना तो फिकट दिसत होता, चुकलेलाच दिसत होता. वाळू दे, ती स्वतःला म्हणाली. वाळेपर्यंत थांबू, मग गोळी घेऊ. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, त्याच्या मागून दुसरं, त्यांच्या भिंती होत्या, पोपडे होते. दुकान बंद व्हायच्या वेळी तिने गोळी परत पाकिटात सरकवली. कार्ड खिडकीत ठेवून ती घरी गेली.

शनिवारी सकाळी तिने कार्ड उजेडात धरलं. तिरकं धरलं. चष्मा काढला, घातला.

ठिपका सापडला नाही.

तिने शिडीला बोलावलं. शिडी कमरेत वाकला, नाक कार्डाला लागेपर्यंत. “अकरा सापडले,” तो म्हणाला. “बारावा कुठाय?”

थेंबबाई स्टुलावर बसली. म्हणजे त्या बाईनेही घातले होते. सगळी बडबड चालू असताना, मान मागे टाकून हसताना, हाताने दोन थेंब मोजून घातले होते आणि कार्डावर लिहायलाही विसरली होती.

*

रविवारी धाकटीने दार उघडलं. थेंबबाईच्या एका हातात डबा, दुसऱ्यात ब्रश. तोंडात काही नव्हतं. जिन्यातला दिवा गेला नव्हता.

“ये,” धाकटी म्हणाली आणि बाजूला झाली.

कपाटाची जागा माणसाहून उंच होती, काळपट, तिच्या कडेला आठ वर्षांपूर्वीचा मळ. थेंबबाईने ती पुसली, घासली, रंग लावला. धाकटी मागे उभी राहून बघत होती. पहिला हात झाला तेव्हा ती म्हणाली, “वेगळाच दिसतोय गं.”

“वाळू दे.”

“किती वेळ?”

“दोन तास.”

दोन तास. थेंबबाईने हात धुतले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. आईची खाट होती तिच्यासमोर, तीच जागा. धाकटीने चहा आणला. चहा संपला. खाली कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, ती शेवटी सुरू झाली. धाकटी एकदा आत जाऊन आली. थेंबबाई शब्द शोधत होती. गोळी घेतली असती तर आतापर्यंत ती भाचीच्या नव्या घरापासून नळाच्या दाबापर्यंत पोचली असती. तिला घाम आला. शेवटी तिला एकच वाक्य सापडलं, आणि ते बोलायचं नव्हतं.

“गोळी बंद झाली,” ती म्हणाली. “बोलायची ती गोळी होती.”

धाकटीने रिकामे कप एकात एक ठेवले. मग म्हणाली, “वाटलंच होतं मला.”

“बोलता येत नसेल तर येऊ नकोस, म्हणाली होतीस.”

“म्हणाले होते.” धाकटीने मान वळवली नाही. “तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता माझा. आणि ताई, ते वाक्य तिथे संपलं नव्हतं. मी पुढे म्हणाले होते, आणि येणारच असशील तर निदान तिला कुशीवर वळवायला एक हात लाव. तोवर तू खाली पोचली होतीस. धाडधाड उतरलीस. बोलत नाहीस, पण पळतेस मात्र जोरात.”

थेंबबाईने खाटेच्या जागेकडे पाहिलं. तिथे आता चपलांचं कपाट होतं. एक हात. एवढाच पाहिजे होता, आणि तेव्हा तिचे दोन्ही चांगले होते.

“आणखी एक सांगू?” धाकटी म्हणाली. “रागावू नकोस. तू रोज फोन करायचीस ना, तासभर. मी फोन ओट्यावर ठेवून भाजी निवडायचे. मधूनमधून हो म्हणायचे. एकदा आंघोळ करून आले. तू चालूच.”

आयुष्यात एकदाच ती इतकी बोलली होती, आणि ते सगळं ओट्यावर, सालींच्या शेजारी. तिला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. त्याऐवजी नाकातून एक आवाज निघाला, जो हसण्याच्या बराच जवळचा होता.

“काय बोलायचे गं मी?”

“देव जाणे,” धाकटी म्हणाली. “पण आवाज बरा वाटायचा. घरात कुणीतरी असल्यासारखा.”

थोड्या वेळाने धाकटीला खुर्चीतच डुलकी लागली, तोंड किंचित उघडं, हुबेहूब आईसारखं. थेंबबाई भिंतीकडे बघत राहिली. रंग हळूहळू खाली बसत गेला, गडद होत गेला, कडा आधी पुसट झाल्या, मग कुठे कुठे दिसेनाशा झाल्या. धाकटी जागी झाली तेव्हा म्हणाली, “जुळला की. कुठे होतं कपाट ते कळतही नाही.”

थेंबबाईला कळत होतं. वरच्या कोपऱ्यात, जिथे ब्रश वळवला तिथे. तिला ते कायम कळणार होतं. ती हं म्हणाली.

निघताना धाकटी जिन्याच्या तोंडाशी आली. थेंबबाई या वेळी सावकाश उतरली, प्रत्येक पायरीला, कुणी काही म्हणतंय का ते ऐकत.

*

पुढच्या भेटीत तिने नऊ गोळ्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी विचारलं, मन कसं आहे? ती म्हणाली, “सकाळी फार जड असतं. दुपारपर्यंत चालतं.” त्यांनी ते लिहून घेतलं, महिन्याऐवजी पंधरा दिवसांनी यायला सांगितलं. शिक्षिका जिन्यात भेटते, थांबते, जाते. पहाट अजून लांबलचक असते. कार्डावर तिने ‘बघू’ खोडलं नाही, शेजारी फक्त ‘दोन’ लिहिलं.

रविवारी संध्याकाळी फोन वाजला. धाकटीच होती.

“काय करतेस?”

“बसलेय.”

“बरं.”

थेंबबाईने वाट पाहिली. पलीकडे खट्ट आवाज झाला, फोन कुठेतरी टेकवल्याचा. मग नळ. मग भांडं. सुरी, फळीवर, एका लयीत. धाकटी स्वतःशीच काहीतरी पुटपुटली, मिठाबद्दल असावं. थेंबबाईने आपला फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला आणि समोरच्या खुर्चीत बसून राहिली. बाहेर उजेड उतरत होता. खोलीत दिवा लावायला हवा होता, पण ती उठली नाही. उठली असती तर खुर्ची करकरली असती, आणि पलीकडे काहीतरी खाली पडून घरंगळत गेलं ते ऐकू आलं नसतं.

बऱ्याच वेळाने पावलं जवळ आली.

“आहेस का गं?”

“हं.”